सीलिंग मशीनचे साडेसहा अँपिअर

सोम., २ फेब्रु.
रबाळ्याला कंपनीत आज वाईट झालं. पॅकिंगमधल्या जयश्रीचा हात भाजला. पिशव्या सील करताना मशीनच्या दांडीतली वायर वितळली, हात तिथंच होता. तळहात सोलून निघालाय. मॅनेजर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "मोबाइल बघत होती." तिचा मोबाइल लॉकरमध्ये असतो. काहीतरी झाकतायत.

मंगळ., ३
मेंटेनन्सला मी नि म्हात्रेकाका, दोघंच. काकांनी नवी वायर टाकली आणि चहाला गेले. मी वायरला करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला. व्होल्टेज २३०. करंट ६.५!
मशीनच्या पाटीवर १००० वॅट. म्हणजे हजार भागिले २३०, करंट ४.३ हवा. इथं २३० गुणिले ६.५, जवळजवळ दीड हजार वॅट. रेझिस्टन्स २३० भागिले ६.५, पस्तीस ओहम. पाटीप्रमाणे त्रेपन्न यायला हवा.
दांडी तापवणारी कॉइल मूळची नाही. जास्त पॉवरची कुणीतरी बसवलीय, वायर मात्र तीच बारीक. वितळणारच.
कॉइल बदलणारे आम्ही दोघं. मी नाही बदलली.

बुध., ४
काकांना विचारलं. "मीटर खोटा हाय तुझा." मग म्हणाले, कॉइल गार असताना जास्त करंट खेचते. चांगली तापू दिली, परत मोजलं. आकडा जेमतेम हलला. काकांनी हत्यारं आवरली. जाताना हळूच, "पोरी, कोनाला बोलू नको."
बाबा गेल्यावर यांनीच मला इथं लावलं. आणि मी त्यांच्याकडे कशा नजरेने बघतेय...

शुक्र., ६
त्याच मशीनला आज ४.३. कॉइल बदलली! आकडे फक्त काकांना सांगितले होते. मीटरचा फोटोही काढला नाही मी, मूर्ख.
सोमवारी अपघाताची चौकशी. जयश्रीचा फोन, "ताई, काढून टाकतील का गं मला?" बघू म्हटलं.

रवि., ८
काका कोपरखैरण्याला आमच्या घरी. आईसाठी कोलंबी घेऊन. असे कधी येत नाहीत. आई आत गेल्यावर म्हणाले, "उद्या माझा नाव घे. सायबांचा नको. तुझी नोकरी राहील."
"म्हणजे साहेबांनी सांगितलं होतं?"
"माल लवकर निघायला पायजे व्हता." एवढंच.
खरंच स्वतःवर घेतायत, की साहेबांनीच पाठवलं? आईने विचारलं, जेवायला का नाही थांबवलंस. मी कोलंबी धुवायला घेतली.

सोम., ९
चौकशी दुपारी. सकाळी येताना डोक्यात आलं, माल लवकर हवा होता तर कॉइल एकाच मशीनला कशी? पोचल्या पोचल्या शेजारच्या मशीनला मीटर लावला. लता सील करत होती. पाटी तीच, हजार वॅट. करंट ६.५.
"लता, हात काढ!" मीटरचा फोटो काढून मग स्विच पाडला. वळले तर काका मागेच उभे.
मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "सायबांना बोलव. मीटर हितं ठेव, मी हाय."
मी मीटर घेऊनच आले. केबिनबाहेर बसून लिहितेय. साहेब काचेतून बघतात, "दोन मिनिटं" अशी खूण करतात, फोन सोडत नाहीत. लताला चहाला पाठवलंय म्हणे. कुणी पाठवलं?
मशीनजवळ काका एकटेच. साडेसहावाली कॉइल अजून आतच असेल ना?