एकोडीचे एकतीस फळ अधिकारी

एकोडी, ता. साकोली
मंडईचा आठवडा, बुधवार

तीर्थस्वरूप इश्वर भाऊजी यांच्या चरणी हेमराजचा दंडवत. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच घातला असं समजा, उरलेला बाग संपल्यावर घालीन.) आपली शुगर आता कशी आहे? विमलाताईचा गुडघा? मिलच्या कोंड्यानं तुम्हाले जो खोकला येते, त्याच्यासाठी करुणानं अडुळशाचा काढा करून ठेवला आहे, तुमसरकडे जाणारा कोणी भेटला की पाठवतो. आम्ही सारे सुखरूप आहोत, म्हणजे जेवूनखाऊन आहोत. मन मात्र ठिकाणावर नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण ताई फोन स्पीकरवर ठेवते अन् सकाळी सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अर्ध्या तुमसरले माहीत होते. म्हणून पत्र लिहून राहिलो. (शुद्ध लिहायचा विचार होता, पण धक्का बसलेल्या माणसाले शुद्ध सुचत नाही.)

बोडीच्या तळ्याच्या वरच्या अंगाची आपली ती मुरमाड जागा तुम्हाले आठवत असन. जिथं धान त सोडाच, गवतही उगवाले कुरकूर करत होतं, तिथं मी चार वर्षांमागं सीताफळं लावली. तेव्हा सर्वांत जास्त तुम्हीच हसले होते. (मी विसरलो नाही.) यंदा पहिला भरगच्च बहार आला. तीनशे झाडं, अन् एकेक फांदी जमिनीकडे वाकलेली. पण भाऊजी, धान आठ दिवस उशिरा कापला त उभा राहते, सीताफळाले तेवढा दम नाही. त्याचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पिवळट होऊन फाकल्या, की दोन-तीन दिवसांत हातानं एकेक फळ देठासकट तोडावं लागते. नाही तोडलं त ते झाडावरच पिकते, उकलते, अन् माकडं-पोपट बारशाले बोलावल्यासारखा पाहुणचार घेतात. करुणानं त दिवाळीलेच बजावलं होतं, यंदा बागेचा माल बाहेर निघाला त बाग राहीन, नाही त सारी झाडं काढून ती जागा विटाभट्टीवाल्याले देऊन टाकू. ती बोलली की बोलली, हे तुम्हाले सांगाले नको.

अन् नेमके भाऊबीज झाल्यावर अर्ध्याहून जास्त बागेचे डोळे एकदम उघडले. गावातल्या बाया धानाच्या कापणीत, त्यायले बोलावणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधीवर डाका. मग मी म्हटलं, आपल्या पानठेल्यावर रोज अकरा पोट्टे बसून राहतात. कोणी बीए, कोणी आयटीआय, तिघं पोलीस भरतीवाले, सारे रिकामे. सकाळी आठले सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटाले सुरुवात करतात त दुपारच्या जेवणालेच उठतात. मी तिथं गेलो अन् हात जोडून सांगितलं, बापू हो, आठ दिवसांचं काम आहे, रोजी त्या दिवशीची त्या दिवशी, चहा-नाश्ता माझ्याकडे, सावलीतलं काम, चला. भाऊजी, त्यायनं माझ्याकडे असं पाह्यलं जसं मी त्यायले चोरी कराले सांगून राहिलो! एकानं त मोबाईलमधून मानही वर नाही केली. मी एवढा चकित झालो की उभ्याउभ्या मीच एक खर्रा मागून खाल्ला. (करुणाले सांगू नका, सोडला आहे.)

त्यायचा पुढारी म्हणजे आपला प्रविण, सरपंचाच्या घराशेजारचा, गोरागोमटा, केस उभे. तो मले बाजूले घेऊन समजावते कसा! "काका, कामाची लाज नाई हो. पण उद्या सोयरिकीचे पाहुणे येईन, ठेल्यावर विचारन, पोरगा काय करते? लोक सांगन, तोडाईले जाते. झालं! पाहुणे चहा न पेता वापस." मी म्हटलं, मग आता काय सांगतात? त म्हणे, "आता सांगतात, तयारी करून राहिला." म्हणजे बघा! रिकामा असला त चालते, कारण तो तयारी करून राहिला. हातानं फळ तोडलं त मात्र खानदान बुडालं. बरं, सहा वर्षं झाली, तयारी कायची ते त्यालेही ठाऊक नाही. मी घरी येऊन सारं सांगितलं.

तेव्हा आमच्या तृप्तीनं डोकं चालवलं. (ती आता साकोलीले एका कॉम्प्युटरवाल्याकडे काम शिकून राहिली.) ती म्हणाली, "बाबा, त्यायले काम नको, पद पाहिजे." अन् तिनं फ्लेक्स करून आणला. हिरव्या रंगाचा, मधात माझा फोटो, खाली मोठ्या अक्षरात 'फळ अधिकारी पाहिजेत, ओळखपत्र व नियुक्तीपत्र मिळेल'. बसस्टॉपवर लावला अन् दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात एकतीस पोट्टे! एकोडीचे अकरा त होतेच, आजूबाजूच्या चार गावांचेही आले, इस्त्रीचे शर्ट घालून, बायोडाटा घेऊन. एकानं त बुटाले पॉलिश केलं होतं. मी बाप्पा बाप्पा करत राहिलो. तृप्तीनं त्यायच्या गळ्यात निळ्या फितीचे कार्ड टाकले, पत्रावर माझी सही अन् आपल्या भजन मंडळाचा शिक्का. (दुसरा शिक्का घरी नव्हता.)

पहिल्या दिवशी काय झालं सांगू? बागेत गेल्यावर एकतीसच्या एकतीस अधिकारी देखरेख कराले लागले. एक म्हणे, काका, मजूर कधी येतात? मग झाडाखाली फोटो, फांदी धरून फोटो, फळाकडे विचारपूर्वक पाहतानाचा फोटो. संध्याकाळपर्यंत किती माल निघाला म्हणता? दोन क्रेट. तेही एकट्या टेकचंदनं काढले, अन् तो या एकतीसमधला नाही. टेकचंद म्हणजे आपल्या शकुनबाईचा मोठा, बीएस्सी झालेला, सव्वीस वर्षांचा. त्यानं कार्ड घेतलं नाही. म्हणे, "काका, गळ्यात लटकलं त फांदीले अडकते." झाडाले धक्का न लावता देठ कसा मोडाचा, हे त्याचं पाहून शिकावं. मी गावभर सांगितलं, एकोडीत माणूस एकच आहे, बाकी कार्ड आहेत.

दुसऱ्या दिवशी बागेत टेकचंद सोडून चिटपाखरू नाही. मी घाबरलो, म्हटलं पोट्टे बिमार पडले की काय. विचारपूस केली त कळलं, सारे मंडईले गेले, कोणी लाखनीकडे, कोणी पवनीकडे. भाऊजी, आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, घरोघरी पाहुणे येतात, अन् रातभर दंडारीचं नाटक पाहता पाहता पोरं-पोरी हेरतात, हे मले माहीत नव्हतं का? माझीच सोयरिक तशी जमली. पण डोक्यातच नाही आलं! ते पोट्टे कामासाठी कार्ड न्यायले आलेच नव्हते, मंडईत गळ्यात घालाले आले होते. तिथं त्यायनं ओळख सांगितली, फळ अधिकारी, एकोडी प्रकल्प. माझ्या बोडीवरच्या मुरमाले प्रकल्प म्हणणारे हे पहिलेच.

आता खरा धक्का ऐका. तिसऱ्या दिवसापासून माझ्या घरी चौकशीचे पाहुणे सुरू. पांढरे कपडे, खांद्यावर दुपट्टे, चार-चार मिळून गाड्या भरभरून. साहेब कसे आहेत? नोकरी परमनंट आहे ना? एका म्हाताऱ्यानं पेन्शनचं विचारलं तेव्हा मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. खरं सांगावं त जुळलेली सोयरिक मोडल्याचं पाप, खोटं सांगावं त कोणाच्या पोरीच्या जन्माचा प्रश्न. करुणा पोहे करून करून थकली, अन् तिकडे बागेत फळं उकलून खाली पडून राहिली. रात्री मले स्वप्नात विटाभट्टी दिसे.

शुक्रवारी वरठीजवळचे लक्ष्मणराव आले, प्रविणची चौकशी कराले. त्यायची पोरगी मनाली नर्सिंग शिकलेली, माणूस जुना, शेतीवाला. त्यायनं सरळ विचारलं, साहेबांचं ऑफिस कुठं आहे? मी त्यायले बागेतच नेलं. भाऊजी, त्या माणसानं ऑफिस विचारलंच नाही पुन्हा. झाडाखालचा सडा पाह्यला अन् असे चमकले जसा साप दिसला. "हेमराजजी, डोळे उघडून माल झाडावर? पाप हाय हे!" अन् दुपट्टा काढून फांदीले टांगला, धोतर खोचलं, अन् तोडाले लागले. मी नको नको म्हणतो, हात धरतो, कोण ऐकते! घरच्या धानात जन्म काढलेला माणूस, माल वाया जाताना त्याच्यानं पाहवत नाही. त्यायच्यासोबतचे तिघंही लागले. पाहुण्यायले कामाले लावलं म्हणून मले मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी क्रेट मात्र पुढं सरकवत होतो.

ही बातमी लाखनीच्या मंडईत पोचली, की होणारा सासरा बागेत तोडून राहिला. प्रविण गाडी दामटत आला. तोंडात खर्रा! सासऱ्यासमोर थुंकाची सोय नाही, त त्यानं गिळला. दिवसभर उचक्या देत देत अकरा क्रेट तोडले, पोरानं! संध्याकाळी मी लक्ष्मणरावायले एकीकडे नेऊन सगळं खरं सांगून टाकलं, अधिकारी नाही, प्रकल्प नाही, शिक्का भजन मंडळाचा. ते हसले. म्हणाले, "हात चालते पोराचा, बस. पद कायले पाहिजे?" अन् सोयरिक पक्की करून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे पंचवीस अधिकारी बागेत हजर, कारण कोणाचा सासरा केव्हा येऊन टपकन याचा नेम राहिला नाही. मागून डोळे उघडलेली शंभरेक झाडं सोडली त बाग उरकत आली आहे. पहिली गाडी नागपूरले गेली अन् करुणानं विटाभट्टीचं नाव घेणं सोडलं.

तेव्हापासून मी जिथं जातो तिथं हेच सांगतो. ग्रामपंचायतीत सांगितलं, दंडारीच्या मंचावर माईक घेऊन सांगितलं, की कष्टाची लाज धरणाऱ्या गावाचं भलं होत नाही, अन् पोरीच्या बापानं पोराचे हात पाहावे, खुर्ची पाहू नये. लोकायनं टाळ्या वाजवल्या. दोघातिघांच्या डोळ्यात पाणी आलं, मी पाह्यलं.

ताईले नमस्कार, लहानायले आशीर्वाद. खोकल्याले थंड पाणी देऊ नका.

आपला,
हेमराज

ता.क. एक विचारायचं राहिलं. तुमच्या मिलमध्ये एखादी बसून कराची जागा आहे का? हिशोबाची, वजनकाट्याची, काहीही, फक्त खुर्ची असावी. टेकचंदसाठी पाहिजे.

ता.क. दुसरी. तुम्ही म्हणान, एवढा चांगला तोडणारा हेमराज दूर कायले पाठवून राहिला. त सांगतो, पण ताईले नका सांगू. आमच्या तृप्तीनं टेकचंदशी लग्न कराचं ठरवलं आहे. करुणानं मले जेवताना सांगितलं. तृप्तीले बोलावून विचारलं त ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्हीच त म्हणता, एकोडीत माणूस एकच आहे." पोरगा सोन्यासारखा आहे, मान्य. पण पाहुणे विचारतीन, जवाई काय करते, तेव्हा तोडाईले जाते असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

ता.क. तिसरी. जागा असली त बाग संपल्यावर द्या, आधी नको. उरलेली शंभर झाडं त्याच्याशिवाय होत नाहीत. तसं मी त्याले नोकरीचं आडून विचारलं. तो फांदीवरून म्हणाला, "काका, मी खुर्चीवर बसलो त पुढच्या साली हे कोण तोडन?" मी त्याच्याखाली रिकामा क्रेट सरकवला.

ता.क. शेवटची. पाकीट बंद करतच होतो. आत्ता तृप्ती डोक्याले ओढणी बांधून, क्रेट घेऊन टेकचंदसोबत बागेत तोडाले लागली आहे, अन् मी बांधावर उभा राहून हे लिहून राहिलो. भाऊजी, तुमच्यापासून काय लपवू? तिले झाडाखाली पाह्यलं तेव्हा मी आधी तिच्याकडे नाही पाह्यलं. आधी रस्त्याकडे पाह्यलं, कोणी पाहून त नाही राहिलं.