ताबेर्नासच्या ओढ्यातली पावलं

आराथेली,

‘प्रिय’ लिहिणार नाही. मी कॉलेज सोडलं, तशी तू माझ्याशी बोलणंच सोडलंस. त्यात दुसरा कुणी आहे हा संशय मला होताच.

आज ताबेर्नासच्या वाळवंटातल्या कोरड्या ओढ्यात काउबॉयपटाचं शूटिंग होतं. वाळूवरच्या पाऊलखुणा झाडून काढायचं काम माझं. कड्याच्या आडोशाला तुझ्या चपलांचे ठसे दिसले, आणि शेजारी काउबॉयच्या बुटांचे! तू तर तुतारीसारखा ओरडणारा तो पक्षी मोजायला जातेस ना? बूट घालणारा पक्षी कुठला गं?

मी काउबॉयचं काम करणाऱ्या फर्मीनची कॉलरच धरली. तो हसत सुटला. "गाढवा, सेटवरचे बूट घालून फेब्रुवारीत तूच गेला होतास तिच्याबरोबर! त्यानंतर इथे पाऊस पडलाय का, ठसे पुसायला?"

पाय ठेवून पाहिला. ठसा माझाच निघाला.

पण माझ्या ठशांवर तुझे ताजे ठसे आहेत, एकटीचे. कड्यापाशी तू बराच वेळ घुटमळलेली दिसतेस. तिथे घरटं नाही, मी शोधलं. मग थांबलीस कशासाठी?

दिग्दर्शक ओरडत होता, "ब्लास, झाडू मार, नाहीतर घरी जा!"

ते ठसे तसेच ठेवून मी घरी आलोय.

अजून संशयातच असलेला,
ब्लास