बाय म्हणजे जवळ

४ फेब्रुवारी १९५७
कारखान्यात नोटीस लागली. आम्ही टेंपररी लोकांनी पर्मनंट होण्यासाठी अर्ज 'बाय ट्वेंटिएथ' द्यायचा. नाही दिला तर अठ्ठावीसला नारळ. मला कसली भीती? इंग्रजीत अख्ख्या पिंपरीत माझा हात धरणारा कोणी नाही. संकल्प: घाई करायची नाही. अर्ज बिनचूक हवा.

७ फेब्रुवारी
'बाय'चा अभ्यास. बाय द रिव्हर, नदीजवळ. बाय ट्रेन, गाडीने. बाय राम, रामाकडून. डिक्शनरी म्हणते, मूळ अर्थ 'जवळ'. माझं स्वतंत्र मत: शब्द आपल्या 'बाई'वरूनच तिकडे गेला. घरातलं सगळं बाईकडून होतं, गडी नुसता जवळ बसतो. बायकोला, दुर्गाला, ऐकवलं. म्हणाली, मग जवळ बसल्या बसल्या पावटे सोला.

१३ फेब्रुवारी
शेजारचा शौकत फिटर, चौथी पास. त्याने अर्ज देऊनसुद्धा टाकला! विचारलं, अर्थ कळला का? म्हणतो, राव, शिपायाला विचारलं, तो बोलला वीसच्या आत टाक. शिपायाला! अरे, आत म्हणजे 'इन'. बाय म्हणजे जवळ. एकवीस, बावीससुद्धा वीसच्या जवळच.

१८ फेब्रुवारी
पॅकिंगला बायकाही घेणार आहेत म्हणे. शौकतच्या जमिलाबरोबर आमची दुर्गाही अर्ज देऊन आली. मला न विचारता! म्हटलं, घाई नडते.

२० फेब्रुवारी
तिसरा खर्डा. 'ऑफ' की 'फॉर' ठरेना. तिसराही फाडला. घाई नाही.

२२ फेब्रुवारी
अर्ज दिला. साहेबांनी तारीख बघून परत केला. मी 'बाय' समजावला, नदीपासून रामापर्यंत. मग हात जोडले. मग मराठीत रडलो. साहेब म्हणाले, बाय म्हणजे 'पर्यंत'. घरी येऊन पाहिलं. हा अर्थ डिक्शनरीच्या पुढच्या पानावर. मी पान उलटलंच नव्हतं. देवा, आता काय करू?

२८ फेब्रुवारी
नारळ मिळाला. म्हणजे नुसतं पत्र. खरा असता तर चटणी तरी झाली असती.

४ मार्च, सकाळ
दुर्गाला परवा बोलावणं आलं, आजचं, 'रिपोर्ट बाय एट'. अर्थ विचारायला पत्र माझ्याकडे नाही, शिपायाकडे नेलं. साडेसातलाच गेली. जाताना म्हणाली, भात चुलीवर आहे, जवळ बसा.
बसलोय. घर बाईकडून, गडी जवळ. माझं मत शेवटी खरं निघालं.
हे लिहीपर्यंत भात करपला.