गच्चीची दुसरी किल्ली

रुक्मिणीनगर, अमरावती
फाल्गुन वद्य पंचमी

प्रिय दामिनी,

अनेक आशीर्वाद. घरात फोन असताना पोस्टाने पत्र आलेले पाहून तू दचकशील, म्हणून आधीच लिहितो की माझी प्रकृती उत्तम आहे. गेल्या दहा दिवसांत मी तुला तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा अकोल्याचे तापमान विचारून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही वेधशाळेत नोकरी धरली काय?" मी हसलो, पण मला सांगायचे होते ते वेगळेच होते. ते कळल्यावर तू माझ्याशी बोलणे पुन्हा बंद करशील अशी भीती वाटते. तसे झाले तर तुला दोष देता येणार नाही. निदान शब्द तरी नीट मांडले जावेत म्हणून हा कागद घेतला आहे. ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने लिहितो. मला दुसरी रीत येत नाही, हे तू जाणतेसच.

प्रथम इकडची हकीकत. इमारतीची गच्ची उघडली. होळीपूर्वीच्या सभेत मी ठराव मांडला, माणिकबाईंनी अनुमोदन दिले आणि आठ मिनिटांत तो मंजूर झाला. माणिकबाई म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या, ज्यांच्या छताला ओल येत होती म्हणून मी सचिव या नात्याने अडीच वर्षांपूर्वी गच्चीला कुलूप घातले होते. वाळवणाच्या वेळी बायका पाट ओढतात, बादल्या आपटतात, त्यामुळे वरचा थर फुटतो आणि पावसाचे पाणी झिरपते, असे माझे निदान होते. या जानेवारीत नळदुरुस्तीच्या माणसाने दाखवून दिले की ओल गच्चीची नव्हतीच. टाकीचा जादा पाणी वाहून नेणारा पाइप भिंतीच्या आत तडकला होता. बत्तीस वर्षे पाटबंधारे विभागात पाण्याचा मार्ग शोधण्यात घालवलेल्या अभियंत्याला स्वतःच्या डोक्यावरचे पाणी कुठून येते ते कळले नाही. तो माणूस खाली उतरताना सहज म्हणाला, "साहेब, कुलूप पाइपाले लावाचं होतं." त्याला चहा देण्याचेही मला सुचले नाही.

आता गच्चीवर बरेच काही चालते. धुळवडीला या वेळी रंगाच्या पुड्या आणल्या नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रीतमने चिखलदऱ्याच्या वाटेवरून पोतेभर पळसाची फुले आणली, ती आदल्या दिवशी पिंपात भिजवली आणि लहानथोर सर्वांनी त्याच केशरी पाण्याने रंग खेळला. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर एक डाग पडला आहे, तो अद्याप धुतलेला नाही. मुलांनी कठड्यावर पाखरांसाठी मातीची भांडी मांडली असून कोणत्या दिवशी कोणत्या घराने पाणी भरायचे याचा तक्ता केला आहे. बुधवार आपल्या घराचा आहे. मागच्या रविवारी सर्व घरांचे कूलर एकाच वेळी वर नेले, एकच कारागीर बोलावला, जुने गवत काढून नवे भरले आणि संध्याकाळी ज्याने त्याने आपापला डबा आणून एकत्र जेवण केले. मी मुगाची खिचडी नेली होती. ती कोणी फारशी घेतली नाही, परंतु पंगतीत बसलो.

या कल्पना माझ्या नाहीत, हे तू ओळखलेच असशील. सचिवपदाची कागदपत्रे पुढच्या माणसाच्या हवाली करावीत म्हणून फायली लावत होतो, तेव्हा एक अर्ज सापडला. अक्षर तुझ्या आईचे. मी नियम केला होता की रहिवाशांनी सूचना लेखी द्याव्यात, तोंडी सूचनांची दखल घेतली जाणार नाही. तेव्हा तिने लेखी दिली होती. वर "मा. सचिव यांसी", खाली "सदनिका क्रमांक २०३ मधील एक रहिवासी". मधे फाल्गुन-चैत्रात गच्चीवर काय काय करता येईल ते लिहिले होते: पळसाचा रंग, पाखरांचे पाणी, कूलरचे गवत, डब्यांची पंगत, आणि शेवटी, सर्व घरांच्या कुरडया एकाच दिवशी. तो अर्ज तिने मला जेवायला वाढताना दिला होता आणि मी जेवण झाल्यावर, हात धुऊन, त्यावर शेरा मारला होता: "मजकूर मोघम. पुढील सभेत विचारार्थ." पुढील तीन सभा झाल्या. तो विचारार्थ आला नाही. एकाच छताखाली राहून तिला मला अर्ज करावा लागला याचे तेव्हा मला काही वाटले नाही. उलट तिने नियम पाळला याचे समाधान वाटले होते.

आता दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळकडे येतो. तू प्राजक्ताला घेऊन अकोल्याहून मुद्दाम आली होतीस. धामणगावला तुझ्या आजोळी लेकी चैत्रात कुरडयांना येत, आणि तीच रीत तुझ्या आईने इथे दोन खोल्यांच्या घरातही सुरू ठेवली होती. तीन दिवस गहू भिजत होते. रोज पाणी बदलणे, वाटणे, गाळणे हे सर्व तुम्ही मायलेकींनी केले. पहाटे चीक शिजला. साडेसातला तू ते कढत पातेले फडक्याने धरून जिना चढत होतीस, मागे आई सोऱ्या घेऊन, तिच्या मागे प्राजक्ता धुतलेली साडी घेऊन. मी कुलपापाशी उभा होतो आणि किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. तुला वाटले मी उघडायला आलो आहे. मी म्हणालो, "नियम आधी आपल्या घराला." तुझे उत्तर मला अक्षरशः पाठ आहे: "बाबा, हे आईचं घर आहे की तुमचं ऑफिस?" मी पुढील सभेत विषय घेतो असे म्हटले. चीक सभेसाठी थांबत नाही, निवला की सोऱ्यातून उतरत नाही, हे मला ठाऊक नव्हते. तू पातेले पायरीवर ठेवलेस आणि दुपारच्या गाडीने मुलीला घेऊन परत गेलीस. त्यानंतर अकरा महिने तू फक्त आईच्या फोनवर बोललीस. तुझ्या आईने त्या दिवशी त्या आवळलेल्या चिकात साखर आणि दूध घालून तो घरोघरी वाटीवाटीने दिला. मलाही एक वाटी दिली. मी ती संपवली.

पुढच्या फाल्गुनात तुला कुरडयांचा डबा पोचला आणि त्यासोबत आईचा निरोप, की बाबांनी स्वतः गच्ची उघडून दिली. पाडव्याच्या सकाळी माझा फोन वाजला. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आईसाठी एवढं केलं, मला फार बरं वाटलं." मग तू रडलीस. मग प्राजक्ताला फोन दिलास, तिने तिच्या शाळेची गंमत सांगितली, आणि अकरा महिन्यांचे ते सारे मौन चार मिनिटांत संपले.

दामिनी, मी गच्ची उघडली नव्हती.

फोन हातात असताना मला एवढेच कळले की हे श्रेय माझे नाही. मी "ठीक आहे, ठीक आहे" म्हणालो. संध्याकाळी तुझ्या आईला विचारले, तेव्हा ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचा राग गेला ना? मंग झालं. तिले तुमची आठवण येते, पण ते तुमच्यावरच गेली, कबूल करत नाही. म्या वाट काढून देल्ली." कुरडया कुठे वाळवल्या असे विचारले, तर हसली आणि म्हणाली, उन्हात. मी पुढे विचारले नाही. डबा तुला पाठवण्याच्या आधीच्या आठवड्यात ती रोज पहाटे झाकलेले पातेले घेऊन बाहेर जाताना मला दिसली होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

मागच्या गल्लीतल्या जाईबाईंनी हे मला पौषात सांगितले. त्यांचे घर तू पाहिले आहेस, बाहेरून टिनाच्या छपरावर जाणारा लोखंडी जिना असलेले. त्या जिन्याला कठडा नाही. तुझी आई तीन दिवस तो जिना चढली, पातेले घेऊन. मध्ये एका पायरीवर बसायची आणि दम ओसरला की पुढे जायची. जाईबाईंनी पातेले धरू का म्हटले, तरी देत नसे. "साहेब," त्या मला म्हणाल्या, "तुमची गच्ची केवढी मोठी, अन् बाईले माह्या टिनापाशी जागा पुरली." भाद्रपदात ती गेली. तिच्या हृदयाचा आजार जुना होता आणि डॉक्टरांनी त्या जिन्याचा काही संबंध सांगितलेला नाही. मीही तो जोडत नाही. फक्त त्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, एवढे मी जाऊन पाहून आलो.

मी खरे सांगू शकलो असतो असे प्रसंग अनेक आले. दहाव्या दिवशी, सगळे नातेवाईक बसले असताना, तू डोळे पुसत सांगितलेस की शेवटच्या वर्षी बाबांनी आईसाठी गच्ची उघडली होती, आईची तेवढी हौस पूर्ण झाली. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. धामणगावचे तुझे मामा माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. ज्याने आयुष्यभर प्रवासभत्त्याच्या कागदावर एक किलोमीटर जास्त लिहिला नाही, तो मी, मान खाली घालून बसलो. लोकांना ते दुःख वाटले. ते दुःखही होतेच. परंतु मान त्यामुळे खाली नव्हती.

तरीही कदाचित मी गप्पच राहिलो असतो. परंतु मागच्या महिन्यात ललितराव कामासाठी इकडे आले होते, तेव्हा बोलता बोलता म्हणाले की त्या डब्यातल्या निम्म्या कुरडया तू अजून तळलेल्या नाहीत. आईच्या हातच्या आणि बाबांनी उघडून दिलेल्या गच्चीवरच्या, म्हणून तू त्या जपून ठेवल्या आहेत. जावई हे कौतुकाने सांगत होते. त्या कुरडयांत आईचा हात आहे, तो खरा. माझा भाग खोटा आहे, आणि तो वेगळा काढून तुझ्या हाती देणे एवढेच माझ्याकडून आता होण्यासारखे आहे. तिने तुझ्यामाझ्यासाठी खोटे सांगितले, त्याला मी खोटे म्हणत नाही. मी मात्र ते वर्षभर अंगावर घालून मिरवले.

म्हणून हे पत्र. पाडव्यानंतरच्या रविवारी गच्चीवर सर्व घरांच्या कुरडया आहेत. गुरुवारी मी आपल्या घरचे गहू भिजवणार आहे. मागच्या पंधरवड्यात एकदा भिजवून पाहिले, पण पाणी रोज बदलायचे असते हे विसरलो आणि तिसऱ्या दिवशी घरात उभे राहवेना; जाईबाई नाकाला पदर लावून पुष्कळ हसल्या. या वेळी पाणी बदलण्याची वेळ भिंतीवर लिहून ठेवली आहे. जाईबाई त्या दिवशी आपल्याकडे येणार आहेत. पातेले मी उचलणार आहे. सोऱ्या तुझ्या आईचाच आहे, पण त्याची कोणती ताटली कुरडयांची ते मला ओळखू येत नाही. सभेने गच्चीला दोन किल्ल्या करण्याचे ठरवले. एक नव्या सचिवांकडे असते आणि दुसरी कोणाकडे असावी असे विचारले, तेव्हा मी सदनिका २०३ म्हणालो. ती किल्ली या पाकिटात आहे. ती माझ्याजवळ ठेवण्याची माझी योग्यता नाही, आणि जिची होती तिला आता देता येत नाही. हे वाचून माझ्याशी बोलावेसे वाटले नाही तरी रविवारी ये. आपल्या दारावर थांबू नकोस, बेल वाजवू नकोस. जिना सरळ वर जातो. मी पातेले वरच्या पायरीवर ठेवून खाली निघून येईन. फक्त साडेसातच्या आत ये, चीक थांबत नाही.

तुझाच,
उशिरा शिकलेला
बाबा