धुरकोटचा चौथा भाग

कोपरगाव,
८ डिसेंबर १९७३

प्रिय दमू,

तुझं पोस्टकार्ड काल दुपारी वाचनालयात मिळालं. पोस्टमन ते टेबलावर ठेवून गेला आणि मी पाच मिनिटं त्याला हातच लावला नाही. पालथं पडलं होतं, नुसता पत्ता दिसत होता. अक्षर तुझं होतं, रविकांतरावांचं नव्हतं, एवढ्यावरूनच खरं तर कळायला हवं होतं, पण माझं डोकं अशा वेळी चालत नाही. शेवटी उलटलं. ‘मुलगी झाली. दोघी सुखरूप.’ दमू, मी उभाच राहिलो. मग बसलो. मग पुन्हा उभा राहून आईला सांगायला घरी पळालो, वाचनालय उघडं टाकून. वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. आईने देवापुढे साखर ठेवली आणि ती मुंग्यांच्या आधी मीच खाल्ली.

आणि कार्डाच्या कोपऱ्यात, तिकिटाखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलंही वाचलं. ‘धुरकोटचा चौथा भाग अर्धा राहिलाय, पाठव. त्यानंतर तेरावी वेस धरू की विषमोहर?’ तीन वर्षांत तू मला पुस्तकाबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतंस. हवा, पाणी, आईचे गुडघे, रविकांतरावांची शाळा, बस्स. मीही विचारलं नाही. तेव्हा सुखरूपपणाची बातमी मोठी खरीच, पण या दोन ओळींनी मला जास्त रडवलं असं लिहिलं तर रागावू नकोस.

विचारलंस म्हणून आधी सल्ला देतो, ग्रंथपालाचा पगार त्याचाच आहे. तेरावी वेस आत्ता धरू नकोस. चौदा भाग आहेत. बारा वेशींचं शहर, आणि अवसेला तेरावी वेस उघडते ती मेलेल्यांसाठी, ही कल्पना झकास आहे. पहिले पाच भाग खाली ठेववत नाहीत. पण सहाव्यात सगळी मंडळी भुयारात शिरतात ती नवव्याच्या शेवटी बाहेर येतात. चार भाग नुसतं चालणं! आपला आसाराम, साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो तो, म्हणाला, “शामराव, एवढं चाललो असतो तर शिर्डीला जाऊन आलो असतो की.” शिवाय लेखकाला एकही राक्षस मारवत नाही. सातव्या भागात मेलेला बाराव्यात खोकत खोकत परत येतो.

विषमोहर तीनच भागांची. एक चेटकीण, तिची आमराई, आणि त्या झाडांखाली झोपणारा माणूस दुसऱ्याच्या आठवणी घेऊन उठतो. भाषा अशी की वाक्य पुन्हा वाचावंसं वाटतं. माझ्या मते या तिन्हींत लेखक म्हणावा असा माणूस हाच. पण त्याला दया नाही. चेटकिणीला सुद्धा तो एक सुखाची दुपार देत नाही. बाळंतिणीने वाचू नये असं मी म्हणणार नाही (हे वाक्य लिहून मी थोडा थांबलो, का ते पुढे सांगतो), पण झोपमोड होत असताना वाचू नये. पोरगी दात काढायला लागली की घे.

धुरकोट मात्र धुरकोटच. ज्या गडावर दिवस उगवत नाही तो गड, आणि प्रजेचा उजेड काळोखाकडे गहाण टाकणारा राजा. लेखनात खडे लागतात, लढाया सगळ्या एकसारख्या, पण माणसं खरी आहेत. राजा दुष्ट नाही, घाबरट आहे, आणि घाबरट माणूस घरच्यांचं किती वाटोळं करू शकतो हे त्या लेखकाला नेमकं माहीत आहे. नऊही भाग पातळ आहेत. पोरीला मांडीवर घेऊन एका हातात धरता येतात.

आपली पद्धत तुला आठवत असेलच. नवा भाग आला की आधी मी वाचायचा, मग तू. लग्नानंतरही मी पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून नगरच्या गाडीतल्या ओळखीच्या माणसांबरोबर धाडत होतो, आणि तुझ्या सासूबाई त्या पुडक्याला ‘माहेरचं भूत आलं’ म्हणायच्या. पहिल्या बाळंतपणाला तू इकडे आलीस तेव्हा चौथा भाग नुकताच आला होता. आठव्या महिन्यात तू, पाय सुजलेले, दिवसभर खाटेवर. मी तो दोन दिवसांत संपवला आणि तुझ्या हातात दिला. त्यात पुढे काय आहे हे मला माहीत होतं. काळोख कर्जाच्या मोबदल्यात राजाचं पाळण्यातलं पोर मागतो, आणि राजा ते देतो. तरी दिला. कथा आहे, दमू काय लहान आहे का, असं स्वतःशीच म्हणालो.

पुढचं तुला मी सांगायला नको. दोन दिवसांनी कळा सुरू झाल्या, आणि बाळ रडलंच नाही.

शेजारच्या केशरबाई भेटायला आल्या तेव्हा तुझ्या उशाशी ते पुस्तक होतं, तू निम्म्यावर खूण घातलेली. वेष्टणावर पाळणा आणि त्यावर काळा हात. केशरबाईंनी ते उचलून पाहिलं आणि आईला हळूच म्हणाल्या, “पोटुशी बाईनं असलं वाचल्यावर दुसरं काय हुनार, माय?” आई त्यांना ‘छे’ म्हणाली असती तर बरं झालं असतं. दमू, मी पदवीधर माणूस, दहा हजार पुस्तकांचा ग्रंथपाल, गावात भोंदूगिरीविरुद्ध व्याख्यानं ठेवणारा. मला ते पटलं. एका क्षणात पटलं आणि तीन वर्षं पटलेलंच राहिलं. तूही तेच मानतेस आणि भावाला बोल लावायचा नाही म्हणून गप्प आहेस, असं मी धरून चाललो. यंदा तू बाळंतपणाला इकडे आली नाहीस, नगरचे डॉक्टर बरे असं कळवलंस, तेव्हा तर माझी खात्रीच झाली. या नऊ महिन्यांत मी तुझ्या घरी पंचांगसुद्धा पाठवलं नाही.

आज सकाळी रविकांतरावांचं पाकीट आलं. त्यांनी सविस्तर लिहिलंय. नाळेचा गळ्याभोवती वेढा होता, दोन पदरी, डॉक्टरांनी वेळीच ओळखून सोडवला. आणि पुढे सहज, जसं काही मला ठाऊकच आहे अशा थाटात, ‘मागच्या वेळीही हेच झालं होतं, ते तिथल्या डॉक्टरांनी आम्हांला तेव्हाच सांगितलं होतं, म्हणून यंदा मोठ्या दवाखान्याचा आग्रह धरला.’

तेव्हाच सांगितलं होतं! तुम्हां दोघांना माहीत होतं, आणि मी कुणाला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ‘हो, तुझ्यामुळेच’ असं उत्तर येईल या भीतीने. त्या दुपारी डॉक्टर आले तेव्हा मी गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो होतो. धुरकोटच्या राजाला मी घाबरट म्हणतो, बघ. पाकीट वाचून वाचनालयातच मला हुंदका आला. समोर आसाराम होता. त्याने नुसता दरवाजा लोटून घेतला आणि बाहेर जाऊन येणाऱ्यांना सांगितलं, “आत मोजदाद चालली हाय, तासाभरानं या.”

आता चौथा भाग. दमू, तो मी पाठवू शकत नाही. त्या आठवड्यात एका सकाळी मी तो बंबात घातला. वाचनालयाची प्रत, ग्रंथपालाने जाळली आणि नोंदवहीत ‘गहाळ’ लिहिलं. दुसरी कुठे मिळाली नाही, मी मनापासून शोधलीही नाही. पण तिसरा वाचून आलेले वाचक चौथा मागणारच. तेव्हा मी तो तोंडी सांगायला लागलो, काउंटरवर, उभ्याउभ्या, आतापर्यंत तीस-चाळीस जणांना. सगळं पुस्तकातल्यासारखं सांगतो, पण पाळण्यापाशी आलो की माझ्याने पुढे होत नाही. मी पोर वाचवतो. दाई त्याला शिंकाळ्यात घालून गडाखाली उतरवते, असं सांगतो. मग पाचवा भाग नेलेले लोक परत येऊन भांडतात. आसाराम तर तावातावाने आला होता, “पाचव्यात त्या पोराचं नावबी न्हाई. गेलं कुठं त्ये?” मी म्हणालो, मामाकडे आहे. त्याला पटलं. तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगतो. अख्ख्या कोपरगावात धुरकोटचं पोर मामाकडे सुखरूप आहे.

बारशाला ये असं तू लिहिलेलं नाहीस. कार्डावर जागा उरली नव्हती असं मी मानतो. ती उरली नव्हती एवढंच मला उलट टपाली कळव, त्यासाठी हे सारं लिहिलं. आईला घेऊन, बाळंतविडा घेऊन मी गाडीने येतो, आणि चौथ्या भागाचा राहिलेला अर्धा तुझ्यापाशी बसून सांगतो. लेखकाने लिहिला तसा, एक शब्द न बदलता. तुला तो ऐकवताना आता मला भीती वाटणार नाही. फक्त तेवढा वेळ पोरगी माझ्या मांडीवर दे.

तुझाच,
शामदादा