हिराने घेतलेलं माप

सर, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि गेल्या रविवारी शाळेने माझ्याकडे तुमच्यावर तीनशे शब्द मागितले. मागायला तुमची लेक आली होती. ती आता आपल्याच शाळेत शिकवते, हे तुम्हाला ठाऊक असणार, कारण ती लागली तेव्हा तुम्ही होतात. ओटीवर चढताना तिची नजर माझ्या धावण्याच्या बुटांवर गेली. "अगो बाय, होडी काय गो ही? पुढसून रुंद नि मागसून निमुळती," म्हणाली आणि स्वतःच हसली. मीही हसले. तिच्यावर माझा काही राग नाही. चहा घेता घेता तिने सांगितलं की शाळेच्या स्मरणिकेत तुमच्यावर एक पान आहे. "बाबांनी पयल्यांदा गावातल्या पोरांच्या पायात बूट घातल्यानी, ह्यां तूच लिवक व्हयां. तू पयल्या तुकडीतली. आणि तुझो तो धंदोच."

धंदा खरा. तीस वर्षं मी वृत्तपत्राच्या डेस्कवर बसून लोकांचे मजकूर कापले, सरळ केले, वेळेत पानावर लावले. तीनशे शब्द म्हणजे माझ्यासाठी अर्ध्या तासाचं काम. पण तुमच्या पानाला मला सहा दिवस लागले, कारण गावात सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट मला वेगळी माहीत आहे आणि ती पुरती माहीत असलेली मी एकटीच उरले आहे.

ते बूट आले कसे, ते आधी सांगते. गावचे एक शेट मुंबईला व्यापारात होते. त्यांनी शाळेच्या धावणाऱ्या मुलामुलींना बूट द्यायचं कबूल केलं आणि मापं मागवली. तुम्ही आम्हा चौदा जणांना शाळेच्या पायरीवर ओळीने उभं केलंत. तुमच्या हातात खराट्यातून उपसलेले माडाचे हीर. प्रत्येकाच्या पायाखाली हीर धरायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, पुढे आला तेवढा नखाने मोडायचा, त्याला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधायची. गावात बाजारातून वहाण आणायची तर सगळे असंच माप पाठवत, त्यात नवल काही नव्हतं. चौदा हिरांची ती जुडी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून मुंबईच्या गाडीने पाठवलीत. हीर लांबी सांगतो, सर. रुंदी सांगत नाही. माझा पाय आईवर गेलेला, चवड्याकडे पसरलेला, बोटं एकमेकांपासून लांब. आई खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढायला जायची. गुडघाभर चिखलात तासन् तास उभी राहायची आणि म्हणायची, "चिखलात घट रवाक असलेच पाय लागतत गो." त्या पायांनी मी डोंगरमाथ्याच्या सड्यावर, जांभ्या दगडावरून अनवाणी धावायचे आणि शाळेतल्या मुलांनाही मागे टाकायचे. हे तुम्हीच पाहिलेलं. म्हणूनच तुम्ही मला निवडलंत.

बूट आले ते पांढरे, कॅनव्हासचे. लांबीला तंतोतंत. करंगळी आत जाताना शेजारच्या बोटावर चढायची. मी चार दिवस घालून धावले आणि पाचव्या दिवशी तुमच्याकडे आले. वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात, मैदानावर मालवणी. तुम्ही म्हणालात, "हीर खोटो बोलणा नाय. घालून घालून सैल होतले." सैल झाले नाहीत. अंगठ्यांची नखं आधी लाल झाली, मग जांभळी.

जिल्ह्याची दौड कुडाळला होती. मैदानावरून सुरू होऊन पिंगुळीच्या रस्त्याने जायचं, वळायचं आणि परत. पहिल्या चार मुलींना क्रीडा वसतिगृहाच्या चाचणीला बोलावणार होते. आमच्या घरातून त्या वर्षी कुणाला गावाबाहेर शिकायला जायचं असेल तर रस्ता तेवढा एकच होता. मी तिसरी धावते आहे. वळणाजवळ डाव्या बुटात काहीतरी फुटल्यासारखं ओलं लागतं. आंब्याखाली थांबते, दोन्ही बूट ओढून काढते, रस्त्याकडेच्या गटारात फेकते आणि पुन्हा धावायला लागते. तेव्हा मला जे वाटलं ते आजही पायांना आठवतं. डांबर तापलेलं होतं, पण बोटं मोकळी झाली होती. शंभरेक पावलांत मी दुसरी आले. मागून जीप येत होती. जीपमध्ये शेट होते आणि शेटच्या बाजूला तुम्ही.

तुम्ही जीप पुढे काढून थांबवलीत, उतरलात आणि हात पसरून माझ्यासमोर उभे राहिलात. गुराला अडवतात तसे. दंड धरून मला बाजूला घेतलंत. "शेटच्या देखत बूट फेकतंस? शाळेची अब्रू काढलंस." मी म्हटलं, सर, सोडा, अजून दोन मैल आहेत. जीपमागे बसलेल्या, नोंद ठेवणाऱ्या माणसाला तुम्ही माझा क्रमांक खोडायला सांगितलंत. बूट घालायलाच हवेत असा नियम नव्हता. मी नंतर चौकशी केली, चौकशी करणं हा माझा पुढे पेशाच झाला. दुसऱ्या कुठल्या शाळेच्या शिक्षकाने मला अडवलं असतं तर तुम्ही भांडला असतात. मला माझ्याच सरांनी अडवलं.

मग मला चालवत मागे नेलंत आणि गटारातून बूट काढायला लावलेत. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी ते धुऊन आणायला सांगितलंत. मी पुढे उभी, हातात बूट. तुम्ही सगळ्या शाळेला माझे पाय दाखवलेत. "पाय आसत काय वल्ही?" शाळा हसली. मास्तर लोकही हसले. त्यानंतर पाच वर्षं गावात मी वल्ही होते. संध्याकाळी तुम्ही आमच्या घरी आलात, ओट्यावर बसलात आणि आईला सांगितलंत, "चेडवाक धावण्याचा अंग नाय. तिका शिवण शिकवा." आईने तुमच्यापुढे चहाचा कप ठेवला. तिला तुमच्याशी बोलताना उभंच राहायची सवय होती. तुम्ही गेल्यावर तिने माझ्या पायांना खोबरेल लावलं आणि म्हणाली, "सर सांगतत म्हणजे खरांच असतला." स्वतःच्या पायांकडे तिने पाहिलं नाही. ते मी तुम्हाला कधी माफ करणार नाही, सर. माझं जे झालं ते झालं. पण ज्या पायांवर ती ताठ उभी राहायची, त्यांची लाज तिला तुम्ही शिकवलीत. तेव्हापासून ती पाहुण्यांपुढे पाय लुगड्याखाली घेऊन बसायची.

मी पुढे पस्तीस वर्षं धावले नाही. दोन वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानाच्या दारावर तुमचा फोटो पाहिला. तुमच्या स्मरणार्थ दरवर्षी होणारी सड्यावरची दौड, सड्यावरून किनाऱ्यापर्यंत खाली आणि परत वर. फोटोत तुम्ही तरुण होतात, गळ्यात शिट्टी. मी औषधं घ्यायची विसरले. घरी येऊन ठरवलं की ही दौड मी धावायची. तब्येतीसाठी नव्हे, तुमच्यासाठी. तुमच्या नावाच्या कमानीखालून माझे पाय नेण्यासाठी.

आणि मग बूट. जांभा तुम्हाला मी काय सांगावा, सुका असला तर खवणीसारखा आणि शेवाळ धरलं की साबणासारखा. आता माझे पाय अनवाणी धावण्याचे राहिले नव्हते. डोंगरवाटांवर धावायचे वेगळे बूट मिळतात, तळव्याला खोल खाचा असलेले, हे मला वाचून कळलं. कुडाळच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन जोड्या घालायला दिल्या, करंगळी पुन्हा चढली. तो म्हणाला, "मॅडम, घातल्यावर सैल होतात." सर, मी त्या माणसाकडे इतका वेळ बघत राहिले की तो घाबरला. मग म्हणाला, "लेडीजमध्ये एवढा चवडा येत नाही. जेंट्समध्ये दाखवू?" पुरुषांचा एक नंबर मोठा घेतला. चवडा बसला, पण टाच आत खेळायची. सड्यावरून उतरताना पाय पुढे सरकायचा आणि नखं पुढे आपटायची. महिन्याभरात अंगठा जांभळा झाला. त्या रंगाकडे मी ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघत बसले.

पणजीला गेले. तिथल्या मोठ्या दुकानात पाय मोजायची लोखंडी पट्टी होती. तिने टाच ते अंगठाच मोजलं. मी विचारलं, रुंदी? तिथली मुलगी गोड हसली. मग मी घरीच शिकले. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय फुगल्यावर, जुन्या छापील पानावर उभी राहिले, पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवली, चवड्याची सगळ्यात रुंद जागा मोजली. बूट घरी आला की आधी त्यातली आतली गादी काढायची, जमिनीवर ठेवून तिच्यावर उभं राहायचं. पाय गादीच्या बाहेर सांडला तर बूट परत. चार जोड्या अशा परत केल्या. कुरिअरवाला म्हणाला, "बायनू, दुकान घातलास काय?" रुंदी अक्षरांनी लिहितात, लांबीच्या आकड्यापुढे, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. पाचवी जोडी आली ती भोपळ्याच्या रंगाची, दिसायला अगदी वाईट. गादीवर उभी राहिले तर चारही बाजूंना जागा. आत पाय घातला आणि बोटं पसरली. चवड्याजवळची पहिली दोन भोकं नाडी न ओवता सोडून दिली तर चवड्यावरचा उरलेला ताणही गेला.

मला वाटलं होतं रडू येईल. राग आला. इतकं सोपं होतं. आणखी एक हीर, आडवा धरलेला, आणि एक जास्तीची चिठ्ठी.

मग मी वर्षभर सड्यावर धावले, आणि रोज तुमच्याशी बोलत धावले. चढावर दम लागला की तुमचं वाक्य म्हणायचे, अंग नाय, अंग नाय, दर पावलाला एक. त्याने चढ संपायचा. दौडीत पन्नाशीच्या पुढच्या आम्ही चार बायका होतो. मी दुसरी आले. तुमच्या लेकीने माझ्या गळ्यात पदक घातलं. पदकावर तुमचा चेहरा उठवलेला आहे. ते मी दारामागच्या खिळ्याला लावलं आहे, चेहरा भिंतीकडे करून. झाडू घ्यायला जाते तेव्हा हलकंसं समाधान मिळतं, ते मी लपवत नाही.

आता ते तीनशे शब्द. मी सगळं लिहिलं, सर. हीर, नखं, जीप, प्रार्थना. शिवीगाळ नाही, विशेषण नाही, मला तसं लिहिता येतं. "वल्ही" हा शब्द मात्र ठेवला. तुमची लेक वाचील तेव्हा तिचा चेहरा कसा होईल याचा विचार केला आणि तरीही ठेवला. सकाळी तिचा फोन आला. "झालो काय गो लेख?" झालो, म्हटलं, आणि पाठवून दिला. ती म्हणाली, "तू लिवलंस म्हणजे मी वाचूक पण नको. थेट छापखान्यात." हे पत्र मी त्यानंतर लिहायला घेतलं.

कारण लेखाचा शेवट असा आहे: सरांनी आमच्या पायात बूट घातले, पण ते चावतात का, हे एकदाही विचारलं नाही. लेखातलं सर्वांत चांगलं वाक्य आहे. दुसऱ्या कुणाच्या मजकुरात असं वाक्य आलं की मी लिहिणाऱ्याला हमखास फोन करून विचारायचे, 'एकदाही नाही' हे तुम्हाला कुणी सांगितलं?

कुडाळच्या मैदानावर, दौडीच्या सकाळी, नळाजवळ. मी नाड्या बांधत होते. तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात, बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलंत आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलंत, "दुखतत काय गो? अनवाणी धावतलंस तर आताच सांग. शेटांका मी समजावतंय." ओळीत कणकवलीच्या मुली उभ्या होत्या, सगळ्यांच्या पायात बूट. मी म्हटलं, "नाय सर. आता बसले." तुम्ही उठलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि गेलात.

छापखाना उद्या अकरापर्यंत दुरुस्त्या घेतो. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.