उष्टी हळद

१ मे, बुधवार

मिळाली एकदाची खोली! खराडी गावठाणात, वरच्या मजल्यावर, ऑफिसला चालत जाता येईल अशी. हडपसरच्या त्या हॉस्टेलात सहा पोरी आणि नळ एक. सुटले बापा! घरमालकीण विजयमालाकाकू सत्तरीच्या आहेत, एकट्याच राहतात. पूर्वी यांची शेती होती तिथं आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि त्यातल्याच एकीत मी दिवसभर लॅपटॉप बडवते.

काकूंनी वय विचारलं, लग्न ठरलंय का विचारलं, घरी कोण कोण तेही विचारलं. यांना भाडेकरू पाहिजे की सून, असं मनात म्हटलं आणि हसू दाबलं. अमरावतीला फक्त बाबा असतात म्हटल्यावर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. खालच्या खोलीत त्यांच्या मुलाचा फोटो आहे, फौजी वर्दीतला, ताज्या झेंडूचा हार घातलेला. मच्छिंद्र त्याचं नाव. पंचवीस वर्षांपूर्वी कारगिलच्या लढाईत गेला. तेव्हा चोवीसचा होता, म्हणजे आत्ताच्या माझ्याएवढा.

अट एकच. दर शुक्रवारी खाली येऊन हळदीकुंकू घ्यायचं. ही काय अट झाली? हळदीकुंकवाला नाही कोण म्हणतं!

३ मे, शुक्रवार

काकू विधवा, तरी स्वतःच्या हातानं हळदीकुंकू लावतात. शाब्बास! मला फार आवडलं.

मग मुलाचं बोलल्या. लग्न ठरलं होतं, रजा मंजूर होती, इकडं हळद दळून ठेवलेली. तेवढ्यात लढाई लागली. रजा रद्द झाली, लग्न पुढं ढकलायचं की नाही याचा घोळ चालला होता, तोवर त्याची पेटीच आली. नेमकी हळदीच्या दिवशी. त्याला कुळथाची शेंगोळी आवडायची, ताटलीत एक सुद्धा ठेवायचा नाही. सांगताना त्या रडल्या नाहीत, मीच रडले.

हळद झाकणाच्या पितळी वाटीतली होती, ओली. एवढ्या मे महिन्यात बर्फासारखी गार लागली कपाळाला. देवघराच्या फरशीवर ठेवत असतील.

१० मे, शुक्रवार

चौकात त्याचा अर्धपुतळा आहे. त्याच्या तोंडावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स! डोकंच फिरलं माझं. दोरी सोडायला लागले तर पोरं धावून आली. एकानं विचारलं, हा तुमचा कोण लागतो मॅडम? लागतो कुणीतरी, म्हटलं, आधी फ्लेक्स काढा. निमूट काढला.

काकूंना सांगितलं तर त्यांनी दोनदा वदवून घेतलं, मी नेमकं काय म्हणाले ते. मग हळद गालांनाही लावली.

१७ मे, शुक्रवार

गालांवरची हळद जात नाही. साबण झाला, बेसन झालं. ऑफिसातली भाग्यश्री म्हणते, गुपचूप लग्न उरकलंस का गं? तिला काय जातंय बोलायला! सगळे एसी वाढवा म्हणून ओरडतात, मी स्वेटर घालून बसते.

काकू मात्र टवटवीत दिसतात. कित्येक वर्षांनी रात्रभर झोप लागली म्हणाल्या. मी सहज विचारलं, डाव्या गुडघ्यावर विळा लागला तेव्हा मच्छिंद्र केवढा होता? हे तुला मी कधी सांगितलं, असं विचारलं त्यांनी.

खरंच, कुणी सांगितलं मला?

२४ मे, शुक्रवार

आज वाटीचं स्पष्टच विचारलं. काकूंनी काही लपवलं नाही. कोथिंबीर निवडत निवडत सांगितलं.

पेटी आली तेव्हा त्यांनी दळलेली हळद त्याला लावली. हौस राहायला नको म्हणून. उरली ती उष्टी हळद. नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जायची असते. घेऊन गेल्या, तर मुलीकडच्यांनी दार लावून घेतलं. ती पोचत नाही तोवर तो आईकडेच अडकलेला. पंचवीस वर्षं त्यानं त्यांचा डोळा लागू दिला नाही. आता माझ्या गालांना लागली, पोचली. आता वाट बघायची ती नवरीनं. आई सुटली.

अहो, पण मी तुमचं काय वाकडं केलं होतं? ओरडले मी. त्या शांतपणे म्हणाल्या, काही नाही गं पोरी, तू चांगली आहेस. मग फोटोकडं बघून मलाच विचारलं, हा पोरगा कोण?

२५ मे

बॅग भरली. भाग्यश्रीकडे आले, हडपसरला. बाबांना सगळं सांगितलं. रिझर्वेशन मिळालं की येतो म्हणाले. मला फार भीती वाटतेय.

२९ मे

इथंही तीच थंडी. भाग्यश्री म्हणते, मी शीळ घालते. मला शीळ येत नाही.

फोन वाजला. आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते – मग कळलं, बाबा.

लिहून ठेवते. माझं नाव तनया. बाबा वैजनाथ. शाळा – शाळेचं नाव – अमरावतीला आमचं घर कुठल्या –

दगड आठवतात. कडा. तहान, बर्फ चोखलं तरी न भागणारी. शेजारच्याचा हात हातात, आणि तो हात हळूहळू –

हे माझं नाही. हे माझं नाही.

३१ मे, शुक्रवार

पाय आपोआप इकडे आले. काकू पायरीवर बसलेल्या. मला ओळखलं नाही. कुणाची सून गं तू, म्हणाल्या.

खालचा खिळा रिकामा. फोटो माझ्या खोलीत. हार नाही. जित्या माणसाला कोण –

७ जून

शेंगोळी केली. हिरवा चुडा भरला. रजा मंजूर झाली. आज यायचेत हे.

दुपारी कुणी गृहस्थ आले, अमरावतीचे. मला तनू म्हणतात आणि रडतात. मुलगी हरवली असेल बिचाऱ्यांची. पाणी दिलं. म्हटलं, बसा, हे येतीलच आता –

जिन्यावर बूट वाजले. गृहस्थ दाराकडं बघून भिंतीला टेकले. माझा हात ओढतायत, चल म्हणतात – कुठं जाऊ? यांचं ताट वाढायचंय –

केवढी थंडी आली आत. पदर सावरते. हे –